अनेक कामांचे एक विमान

ससाणा आकाशातून पंख आवळून भक्ष्यावर सरळ खाली कोसळतो, त्या क्रियेस संस्कृतात श्येनपात म्हणतात. ससाणे सोडून करावयाच्या शिकारीस ‘श्यैनंपाता’ असे नाव आहे, आणि त्या शब्दाच्या मध्येच येणाऱ्या अनुनासिकाची व्यवस्था लावण्यासाठी पाणिनीसारख्या काटकसरी सूत्रकारानेही श्येन आणि तिल या दोन शब्दांपुरते एक स्वतंत्र सूत्र खर्ची घातले आहे. अर्धी मात्रा वाचली तरी घरी पुत्र झाल्याइतका आनंद मानणाऱ्यांच्या शास्त्रात ही उधळपट्टी का, असा प्रश्न मला विद्यार्थिदशेत पडत असे. पुढे वाटू लागले की, ती झेप पाहणाऱ्याच्या मनावर इतकी ठसत असावी की, तिला वगळून व्याकरणही पुरे होईना.

दुसऱ्या महायुद्धात हीच क्रिया यंत्राकडून करवून घेण्यात आली. सूर मारून बाँब टाकणारी जी विमाने, त्यांचे प्रयोजन समजावयास थोडे अंकगणित पुरते. दहा हजार फुटांवरून नुसता सोडून दिलेला बाँब खाली येण्यास सुमारे पंचवीस सेकंद लागतात. तासी तीस मैल वेगाने जाणारे जहाज तेवढ्या अवधीत हजार-अकराशे फूट पुढे जाते, आणि कप्तान शहाणा असेल तर वळूनही जाते. म्हणून बाँबाचा नेम धरण्यापेक्षा विमानाचाच नेम धरावा, ते जहाजाच्या रोखाने तीव्र उतारावर सोडावे, अगदी जवळ जाऊन बाँब मोकळा करावा व मग विमान सावरून वर घ्यावे, ही युक्ती निघाली. १९४२ च्या एप्रिलमध्ये जपानी विमानांनी सिंहलद्वीपाजवळ ब्रिटिशांच्या दोन क्रूझर आणि ‘हर्मीस’ हे विमानवाहू जहाज याच युक्तीने बुडविले. त्याच आठवड्यात विशाखापट्टण व काकिनाडा येथेही बाँब पडले. मुंबईतील कित्येक बिऱ्हाडे त्या काळात भांडीकुंडी बांधून कोकणात व देशावर निघून गेली होती, हे मी वडिलांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे.

निवृत्त संस्कृत शिक्षकाने या भानगडीत का पडावे, हे सांगितले पाहिजे. आम्ही दोघे भाऊ भाइंदरला शेजारशेजारच्या दोन ब्लॉकांत राहतो. स्वयंपाक एक, देव एक, आणि वादही बहुधा एकच असतो. गेल्या दिवाळीपासूनचा वाद माझ्या नातीचा आहे. तिने विमानविद्येची पदवी-परीक्षा दिली आणि भारतीय नौदलाच्या विमानशाखेत वैमानिक होण्यासाठी अर्ज करावयाचा असे ठरविले. २०१९ च्या डिसेंबरात सब-लेफ्टनंट शिवांगी यांनी कोचीला नौदलाच्या पहिल्या स्त्री-वैमानिक म्हणून कामास आरंभ केला, ते वृत्तपत्रातील कात्रण तिने शाळेत असल्यापासून जपून ठेवले आहे. धाकट्या भावास हे पसंत नव्हते. सौभाग्यवतींना पसंत होते की नव्हते हे कळण्यास मार्ग नव्हता, कारण त्या याविषयी काही बोलतच नव्हत्या. अखेर घरातील वडील या नात्याने मी काय ते सांगावे असे ठरले. ज्या विषयाचे आपणांस अक्षर ठाऊक नाही त्याविषयी हो किंवा नाही म्हणणे हे शिक्षकाच्या धर्मास सोडून आहे. म्हणून मी नातीकडे पुस्तके मागितली. तिने पदवीच्या अखेरच्या वर्षी शेपटीच्या पंखांवर जो निबंध लिहिला होता, त्यात ‘बाराकुडा’ नावाच्या एका ब्रिटिश विमानाचे उदाहरण होते. ते मी प्रथम वाचले आणि मग सारा पावसाळा त्याच विमानाच्या मागे लागलो.

बाराकुडा हे झडप घालणाऱ्या एका लांबट, दातेरी माशाचे नाव. विमान केले फेअरी या कंपनीने. १९३७ सालच्या क्रमांकाचे ‘एस. २४/३७’ असे जे सरकारी मागणीपत्रक होते, त्यात आरमारासाठी एक एकपंखी, तीन माणसांचे विमान मागितले होते. त्याने पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, वाहून नेऊन समुद्रसपाटीलगत सोडावा; त्यानेच उंचावरून सूर मारून बाँब टाकावे; त्यानेच तास-तास समुद्र धुंडाळून शत्रूचा शोध लावावा; आणि हे सर्व करून जहाजाच्या पोटातील पाळण्यात मावावे म्हणून आपले पंख मिटून घ्यावे! लहान गावच्या शाळेत एकाच मास्तरास संस्कृत, कवायत, चित्रकला आणि फीचे रजिस्टर ही सर्व कामे देतात. तो ती करतो. पण त्याच्या चालण्याबोलण्यात एक वाकडेपणा येतो, तो कोठून आला हे केवळ त्याच्याकडे पाहून कळत नाही. बाराकुडाचे चित्र प्रथम पाहिले तेव्हा मला त्या मास्तराचेच स्मरण झाले. पंख खांद्यावर, पाय लांब व कोपरात मोडलेले, शेपटीचा आडवा पंख उभ्या सुकाणूवर उंच चढवून तिरप्या काठीने तोललेला, पोटाच्या दोन्ही बाजूंस फुगीर काचा, आणि मुख्य पंखाच्या मागे लोंबणारी आणखी एक अरुंद पंखासारखी पट्टी. हे विमान कोणा एकाने बसून रेखाटले आहे असे वाटतच नाही.

परंतु न्यायशास्त्राची गोडी असणाऱ्याने या रूपाची कारणपरंपरा शोधावी. ती अगदी सरळ लागते. समुद्रावर रस्ते नाहीत व खुणाही नाहीत; म्हणून तिघांपैकी मधला जो निरीक्षक, त्यास खालचा समुद्र स्पष्ट दिसला पाहिजे. पंख खाली असला तर तो दृष्टीच्या आड येतो. म्हणून पंख उंच नेला आणि त्याच्या खाली, विमानाच्या कुशीत, काचा बसविल्या. पंख उंच गेला म्हणजे पोटाखाली पाणतीर बांधण्यास जागा झाली, हा लाभच. पण चाके आता पंखापासून फार दूर राहिली. उंच पंखाखालून जमिनीपर्यंत पोहोचावयाचे तर पाय लांब हवेत, आणि उडताना ते कोठेतरी आत घेतलेही पाहिजेत. म्हणून काटकोनात मोडलेल्या कोयत्यासारखे पाय झाले. त्यांचा उभा भाग मिटून विमानाच्या बाजूच्या खोबणीत जाई आणि आडवा भाग चाकासह पंखात शिरे.

यापुढील गोष्ट पंखामागच्या पट्टीची. तिला यंगमन फ्लॅप म्हणतात. विमान जहाजावर उतरताना फार सावकाश यावे लागते, आणि सावकाश येऊनही वाऱ्यावर टिकावे लागते. त्यासाठी ही पट्टी खाली वळवून पंखाची उचल वाढवीत. उड्डाणाच्या वेळी ती थोडी वळवीत. पण तिचा तिसरा उपयोग विलक्षण होता. सूर मारताना विमान बेफाम होऊ नये म्हणून हीच पट्टी उलट दिशेने, सुमारे तीस अंश, फिरवावयाची, म्हणजे ती वाऱ्यास अडवून लगामाचे काम करी. एकच अवयव उचलही धरतो आणि लगामही ओढतो! ही काटकसर पाणिनीस आवडली असती. वारा मात्र व्याकरण जाणत नाही. पट्टी उलट फिरताच तिच्यामागे हवेच्या भोवऱ्यांचा जो लोंढा उठे तो सरळ शेपटीच्या आडव्या पंखावर जाऊन आदळे, आणि शेपूट थरथरे. यावर उपाय काय, तर आडवा पंख त्या लोंढ्याच्या वाटेतून उचलून सुकाणूवर वर चढविला. चित्रात जे विद्रूप दिसते ते असे एका इष्ट कार्याचे तिसऱ्या-चौथ्या पिढीचे अपत्य आहे. माझ्या नातीचा निबंध येथेच संपत होता.

एंजिनाचा इतिहास थोडक्यात सांगतो. विमान आखले ते रोल्स-रॉइस कंपनीच्या ‘एक्स’ नावाच्या चोवीस सिलिंडरांच्या एंजिनासाठी. त्या एंजिनाचे काम कंपनीने मध्येच सोडून दिले. त्याऐवजी ‘मर्लिन’ बसवावे लागले. १९४० मध्ये इंग्लंडवर जे संकट आले, त्यात लढाऊ विमानांस अग्रहक्क मिळाल्यामुळे बाराकुडा मागे पडले. पहिला नमुना उडाला तो १९४० च्या डिसेंबरच्या ७ तारखेस, आणि प्रत्यक्ष पथकाच्या हाती विमान आले ते १९४३ च्या जानेवारीत. तोपर्यंत त्यावर नवनवी उपकरणे चढून वजन वाढलेले, आणि पहिले मर्लिन त्यास पुरेनासे झालेले. मग सोळाशे चाळीस अश्वशक्तीचे दुसरे मर्लिन आणि चार पात्यांचा पंखा आला. तरी भार घेऊन वर चढण्यास हे विमान जन्मभर नाखूषच राहिले. असे असूनही अडीच हजारांवर बाराकुडा बांधली गेली. युद्ध सुरू असताना दुसरे तयार होईपर्यंत पहिलेच चालवावे लागते. घरातील जुन्या कुकराचेही असेच असते.

त्याच्या अंगी गुण नव्हते असे मात्र कोणी समजू नये. समोरचे चांगले दिसत असल्यामुळे आणि त्या मोठ्या पट्ट्यांमुळे जहाजावर उतरण्यास ते सोयीचे होते. सूर मारण्यात तर ते वाकबगार. १९४४ च्या एप्रिलच्या ३ तारखेस नॉर्वेच्या एका अरुंद खाडीत दडून बसलेल्या ‘टिर्पिट्झ’ या जर्मन युद्धनौकेवर बाराकुडांनी दोन लाटांनी झेप घेतली. पहाटेची वेळ, दोन्ही अंगांस डोंगर, आणि पहिल्या लाटेतील एकवीस विमानांचे काम अवघ्या मिनिटाभरात उरकले. चौदा-पंधरा बाँब नेमके बसले. नौकेवरील सुमारे एकशेवीस माणसे मेली, आणि ती नौका काही महिने निकामी झाली. येथेही एक शिकण्यासारखी गोष्ट घडली. चिलखत फोडणाऱ्या जड बाँबास वेग येण्यासाठी ठराविक उंचीवरूनच तो सोडावा अशी आज्ञा होती. नेम चुकू नये म्हणून वैमानिकांनी अधिक जवळ जाऊन सोडले. नेम बसले, परंतु बाँब मुख्य चिलखताच्या आत पोहोचले नाहीत. पुढे त्याच उन्हाळ्यात पुन्हा चाल केली तेव्हा विमाने येईपर्यंत जर्मनांना धुराचा पडदा पसरण्यास वेळ मिळाला, कारण बाराकुडाचा वेग बेताचा. ती नौका अखेर नोव्हेंबरात बुडाली ती दुसऱ्याच प्रकारच्या मोठ्या विमानांच्या हातून.

आमच्या समुद्रात हे विमान आले ते ‘इलस्ट्रियस’ या विमानवाहू जहाजावरून. सिंहलद्वीपातील त्रिंकोमाली हे त्याचे ठाणे. १९४४ च्या एप्रिलमध्ये सुमात्र्याच्या टोकाशी असलेल्या साबांगवर त्याने हल्ला केला. पण मे महिन्यात जावातील सुराबायावर जावयाचे ठरले तेव्हा बाराकुडा जहाजावरून उतरवून त्यांच्या जागी अमेरिकन ‘अ‍ॅव्हेंजर’ विमाने घ्यावी लागली. कारण उष्णता. तापलेली हवा विरळ असते; तीत पंखास उचल कमी आणि एंजिनास जोर कमी. नॉर्वेच्या थंडीत जे विमान बरे चाले, त्याची पोहोच विषुववृत्ताजवळ जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने घटली. शिवाय त्याचे एंजिन समुद्रसपाटीलगत जोर देण्याच्या बेताने सिद्ध केलेले. जावाचे डोंगर ओलांडण्यास ते उपयोगी नव्हते. इंग्लंडात आखलेल्या वस्तू आमच्या हवेत आल्या म्हणजे काय होते, हे आमच्या वाडवडिलांनी लोकरी कोट आणि गळपट्टा घालून कचेरीत जाताना पुरेपूर अनुभवले आहे.

मग जूनच्या २१ तारखेस अंदमानातील पोर्ट ब्लेअरवर ही विमाने गेली. मराठी घरांत पोर्ट ब्लेअर हे नाव कोणत्या कारणाने ठाऊक आहे ते सांगावयास नको. सावरकर बंधू ज्या कारागृहात होते, ते त्या बंदराच्या काठावरच उभे आहे. १९४२ च्या मार्चपासून बेटे जपान्यांच्या ताब्यात होती, आणि १९४३ च्या डिसेंबरअखेरीस सुभाषबाबूही तेथे येऊन गेले होते. बेटावरील आपल्या लोकांनी जपानी अमलात जे भोगले ते फार भयंकर आहे. आणि आता वरून इंग्रजांचे बाँब. पंधरा बाराकुडा निघाली, त्यांपैकी दोन एंजिनाच्या बिघाडाने वाटेतूनच परतली. उरलेल्यांनी लष्कराच्या चाळी, लाकडाची गिरणी, सागरी विमानांचा तळ अशा जागांवर झेप घेतली, आणि एक बाराकुडा परत आले नाही. वृत्तान्तात या मोहिमेस दोन-चार ओळी मिळतात. एंजिन बिघडून परतलेली दोन आणि शत्रूने पाडलेले एक, हे प्रमाण वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो.

त्या काळात आरमारी विमानांसाठी इंग्रजांनी दक्षिण हिंदुस्थानात ठाणी व दुरुस्तीची कारखानेवजा स्थाने उभारली होती, आणि त्यांना जहाजांप्रमाणेच नावे दिली होती. कोइमतूरचे दुरुस्ती-स्थान ‘गरुड’. सुलूरचे ‘वैरी’. तांबरमचे ‘वल्लूरु’. संस्कृतच्या माणसास वैरी म्हणजे शत्रू वाटावा व साहेबाच्या विनोदबुद्धीचे कौतुक वाटावे; परंतु तामिळात वैरी आणि वल्लूरु हे दोन्ही ससाण्याच्या जातीचेच पक्षी आहेत, तेव्हा पुन्हा आपण श्येनपाताशीच येऊन पोहोचतो. गरुडाचे नाव पुढे आपल्या नौदलाने कोचीच्या विमानतळास दिले. १९५३ च्या मे महिन्यापासून तो ‘आय. एन. एस. गरुड’ आहे, आणि आमच्या घरच्या कात्रणातील छायाचित्र तेथलेच.

येथे एक आडवळण घेतो. आपल्या हवाई दलातील सातव्या व आठव्या पथकांच्या तरुणांनी त्याच युद्धात ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर सूर मारणारे विमान चालविले होते. ते मात्र ‘व्हेंजन्स’ नावाचे अमेरिकन, आणि आरमारी नव्हे. त्याची रचना बाराकुडाच्या अगदी उलट. ते एकाच कामासाठी केलेले. सूर मारताना अणुमात्रही विचलन होऊ नये म्हणून त्याचा पंख विमानाच्या अंगाशी काहीच कोन न करता बसविला होता. त्यामुळे खाली कोसळताना ते ओळंब्यासारखे सरळ येई, परंतु नेहमीच्या सपाट उड्डाणात त्यास नाक वर करूनच चालावे लागे, आणि समोरचे नीट दिसत नसे. तात्पर्य, अनेक कामांसाठी केलेल्यास अनेक खोडी आणि एका कामासाठी केलेल्यास एकच, पण ती सदैव.

आता ज्या भागामुळे मी हा लेख लिहावयास बसलो त्याकडे वळतो.

बाराकुडा घेऊन सराव करणाऱ्या वैमानिकांपैकी अनेकजण जुन्या, दोन पंखांच्या संथ विमानांवर तयार झालेले होते. पाणतीर सोडण्यासाठी खाली येताना वेग आवरावा म्हणून ते ती लगामाची पट्टी वापरीत. मग पाण्यालगत आल्यावर ती मिटवीत, आणि त्याच क्षणी वळण्यासाठी पायाने सुकाणू दाबीत. या दोन क्रिया वेगवेगळ्या केल्यास निरुपद्रवी. वेग जास्त असताना एकत्र केल्यास विमानाचा तोल असा एकाएकी फिरे की ते उलटे होऊन नाकावर पडे. खाली समुद्र शे-दोनशे फुटांवर! निदान पाच वेळा तरी हे प्राणघातक ठरले. कारण उमगल्यावर वैमानिकांस लेखी सूचना देण्यात आल्या, आणि तो प्रकार आटोक्यात आला.

परंतु याहून गूढ अपघात होत होते. कसलेले वैमानिक, निर्मळ हवा, शत्रू आसपास नाही. आणि विमान सरळ जाता जाता खाली जाऊन आदळे. त्याचा उलगडा १९४५ साली झाला. चाके, पट्ट्या वगैरे हलविण्यासाठी जे तेलकट द्रव नळ्यांतून दाबाखाली खेळविलेले असे, त्यात ईथर होते. शस्त्रक्रियेपूर्वी रोग्यास हुंगवून बेशुद्ध करण्यासाठी वापरीत ते हेच ईथर. या द्रवाचा दाब दाखविणारे तबकड्याचे यंत्र वैमानिकाच्या समोरच बसविलेले होते, आणि नळी त्या यंत्रास जेथे जोडलेली तेथेच बारीक गळती होण्याचा संभव अधिक. गळती झाली म्हणजे तुषार नेमके वैमानिकाच्या तोंडावर येत. प्राणवायूचा मुखवटा बहुतेक विमानांत नसे, आणि असला तरी दहा हजार फुटांखाली तो लावण्याची चाल नव्हती. वैमानिक बसल्या जागी शुद्ध हरपे. १९४५ च्या मेअखेर आज्ञा निघाली की, प्रत्येक बाराकुडात प्राणवायूची सोय शक्य तितक्या लवकर करावी, आणि वैमानिकाने मुखवटा सर्वकाळ लावावा. युरोपातील युद्ध संपून तोवर तीन आठवडे होत आले होते.

हा भाग मी एका रात्री जेवणानंतर घरात मोठ्याने वाचून दाखविला. सौभाग्यवती भाजी निवडीत होत्या. त्यांचे हात थांबले. “अहो, एवढी शिकलीसवरलेली माणसे, एवढे मोठे खाते, आणि दोन-अडीच वर्षे कोणाच्या काही ध्यानात आले नाही?” या प्रकरणी त्यांचा हा पहिलाच प्रश्न. नात म्हणाली, “आजी, ईथर क्षणात उडून जाते. आणि समुद्रात पडलेल्या विमानातून कोण काय शोधणार?” धाकटा भाऊ म्हणाला, “म्हणजे तोवर सर्वांनी असेच समजावयाचे की पोराची डुलकी लागली.”

भावाच्या या बोलण्यात कळकळ होती, आणि मला ते निरुत्तर करून गेले. अपघाताचे कारण सापडत नाही तेव्हा संशय कोणावर जातो? जो उत्तर देण्यास उरला नाही त्याच्यावर. त्या मुलांचे आईबाप इंग्लंडातील कोणत्या तरी लहान गावात, आपला मुलगा चुकला असेल काय, हा प्रश्न उराशी धरून बसले असतील. आज्ञा निघाल्यावर त्यांच्यापर्यंत कोणी पत्र पोहोचविले असेल, तर ते देवानेच करविले असे मी म्हणेन.

“मग आता काय करतात?” सौभाग्यवतींनी विचारले. यावर नातीने अर्धा तास बोलून दाखविले, त्यातले मला समजले तेवढे असे. आता विमानात प्रत्येक क्षणाची नोंद करणारी पेटी असते व ती पाण्यातूनही काढतात. अपघाताची चौकशी दोष ठरविण्यासाठी नव्हे तर कारण ठरविण्यासाठी करावयाची असा दंडक आहे. आणि वैमानिकास काही विचित्र जाणवले, विमान सुखरूप उतरले तरीही, ते लिहून देणे हे कर्तव्य समजले जाते. “आजी, मला चक्कर आल्यासारखे झाले हे सांगावयास तेव्हाच्या एखाद्या वैमानिकास लाज वाटली असेल, आम्हांला ते सांगितले नाही तर शिक्षा आहे,” असे ती म्हणाली. भाजी निवडून झाली होती तरी सौभाग्यवती उठल्या नाहीत.

मी माझा अभिप्राय दिला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळी. विमान निर्धोक आहे असे मी सांगितले नाही, कारण ते खरे नाही. समुद्रावरचे विमान तर नाहीच नाही. मी इतकेच म्हणालो की, ज्या मुलीने आपल्या निबंधासाठी सर्व विमानांतून हे, दोषांनी भरलेले, विमान निवडले आणि त्याचा एकेक दोष कोठून आला हे शोधले, तिच्या हाती यंत्र देण्यास माझी हरकत नाही. धाकट्या भावाने पेला खाली ठेवला आणि म्हणाला, “दादा, तू तिचा आजोबा आहेस, परीक्षक नव्हेस.” मग स्टेशनकडे निघून गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा त्याच्या हाती अर्जाबरोबर जोडावयाच्या दाखल्यांसाठी नवी फाइल होती. याविषयी कोणी काही बोलले नाही.

अडीच हजारांवर विमानांपैकी आज एकही बाराकुडा अखंड उरलेले नाही. इंग्लंडात यॉव्हिल्टन येथे आरमारी विमानांचे जे संग्रहालय आहे, तेथील कारागीर डोंगरांवर व तळ्यांत सापडलेल्या अवशेषांचे तुकडे जुळवून एक बाराकुडा पुन्हा उभे करीत आहेत. ज्या विमानांचे हे तुकडे, ती सारी अपघातात पडलेली. पत्रा वाकलेला, सुरकुतलेला, आणि तो पुन्हा सरळ करून त्याच जागी लावावयाचा. कामाची छायाचित्रे नातीने मला दाखविली. मोडलेल्या पायाचा सांगाडा, पंखाची एक बरगडी, आणि शेपटीचा तो उंच बसविलेला आडवा पंख, त्याच्या तिरप्या काठीसह.

मुलाखतीस भोपाळला बोलाविल्याचे पत्र गेल्या आठवड्यात आले आहे. मुक्काम पाच दिवसांचा. सौभाग्यवतींनी बेसन भाजावयास घेतले असून, लाडू पाचच दिवसांचे द्यावे की परतीच्या गाडीचेही धरावे, याविषयी त्या आणि धाकटी भावजय यांचे स्वयंपाकघरात बोलणे चालले आहे.